सिंधूबाईचा गुरुवारचा फोन

पोलीस ठाण्याचा अहवाल माझ्या टेबलावर आला तो शुक्रवार होता. अहवाल एका पानाचा. त्याला ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीचा उतारा जोडलेला. मी दोन्ही वाचले, पुन्हा वाचले आणि शेजारच्या क्लार्कला म्हटलं, "हे चुकीच्या माणसाचं आलं आहे."

"कोणाचं?"

"गजाननचं. आई मयत, असं लिहिलं आहे."

"असेल."

"अहो, काल दुपारी मी स्वतः तिचं बोलणं ऐकलं."

क्लार्कने मान वर केली. उताऱ्यावरची तारीख पोळ्याच्या दोन दिवस आधीची होती. आणि आम्ही वैशाखाच्या उकाड्यात बसलो होतो. म्हणजे बाई जाऊन आठ महिने झाले होते. फोनचं रजिस्टर माझ्याकडेच असायचं. मी ते काढून पाहिलं. त्या आठ महिन्यांत एकही गुरुवार चुकलेला नव्हता. प्रत्येक गुरुवारी गजाननचं नाव, नंबर, आणि नात्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: आई.

मी कारागृहात शिक्षक होतो. लोकांना हे सांगितलं की ते विचारतात, जेलमध्ये शाळा असते का? असते. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना शिकवायचं, ज्यांना दहावीला बसायचं त्यांचे फॉर्म भरायचे, आणि बाकी वेळ सगळ्यांचे अर्ज लिहायचे. राहायला वर्ध्याला. नोकरी शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या कारागृहात. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी. बंदी मला गुरुजी म्हणायचे, साहेब लोकही गुरुजीच म्हणायचे. कैद्याला आमच्याकडे बंदी म्हणतात.

शेवटची तीन-चार वर्षं मला फोनचं कामही दिलं होतं. बंद्याला आठवड्यातून एकदा घरी फोन करता येतो. वाटेल त्या नंबरवर नाही. नंबर घरच्या माणसाचा आहे, हे आधी पोलिसांकडून तपासून यावं लागतं. दहा मिनिटं झाली की फोन आपोआप तुटतो. बोलणं रेकॉर्ड होतं, आणि ड्यूटीवरचा माणूस हेडफोन लावून ऐकू शकतो. बंद्यांना हे माहीत असतं. सुरुवातीला ते अवघडतात. मग विसरतात. मी रोज पाच-सहा घरांची भांडणं, बाळंतपणं, लग्नाची बोलणी ऐकायचो. ती माणसं मी कधी पाहिली नव्हती, पण रस्त्यात बोलली असती तर ओळखली असती.

सिंधूबाई त्यातलीच एक.

गजानन समुद्रपूर तालुक्यातला. वय चाळीसच्या आसपास. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाशी भांडण झालं, त्याने काठी घातली, भाऊ गेला. जन्मठेप. बायको माहेरी गेली, पुढे तिने दुसरं लग्न केलं. ते कळलं तेव्हा गजाननने अन्न सोडलं होतं. त्याला दवाखान्यात हलवावं लागलं, नळीने पोटात घालावं लागलं. त्यातून तो बाहेर आला तो आईमुळे. ती एक पाय घासत दोनदा भेटायला आली, मग दम्यामुळे प्रवास जमेना. तेव्हापासून फक्त फोन. गुरुवारी दुपारी तीन वाजता.

तिचं बोलणं मला पाठ होतं. सुरुवातीला, "बोल रे गज्या." मध्ये मध्ये खोकला. चार बारीक आणि एक लांब. शेवटी निरोपाचं, "येजो."

पोळ्यानंतर कधीतरी गजानन मला आनंदाने म्हणाला होता, "गुरुजी, मायचा खोकला बसला. आता खोकलतच नाई." मी म्हटलं, बरं झालं, औषध लागू पडलं असेल.

हे सगळं त्या शुक्रवारी, तो उतारा हातात धरून बसलो असताना मला आठवलं.

हा अहवाल मुळात आला होता फर्लोसाठी. फर्लो म्हणजे संचित रजा. चांगल्या वागणुकीच्या बंद्याला काही वर्षांनी घरी जायला मिळणारी थोड्या दिवसांची सुट्टी. त्यासाठी घरच्या कोणीतरी लिहून द्यावं लागतं, की हा आमच्याकडे राहील आणि मुदतीत परत येईल. गजाननचा हा पहिलाच फर्लो. अर्ज मीच लिहिला होता. जामीनदार म्हणून आईचं नाव. आता खाली शेरा होता: आई मयत, पत्त्यावर कोणी जवळचा नातेवाईक नाही, रजेची शिफारस नाही.

मी कागद घेऊन सीनियर जेलर साहेबांकडे गेलो.

"नावाचा घोळ असेल," ते म्हणाले. "एका गावात दोन सिंधूबाई असतात."

"साहेब, नवऱ्याचं नाव तेच आहे."

त्यांनी ठाण्यात फोन लावला. पाच मिनिटं बोलले. फोन ठेवून म्हणाले, "कागद बरोबर आहे. हवालदार स्वतः गावात जाऊन आला. बाई दम्याने गेली. पोलीस पाटलाने खांदा दिला."

मग आम्ही रेकॉर्डिंग काढलं. आधी पोळ्याच्या अगोदरच्या महिन्यातलं. मग कालचं. साहेबांनी एक हेडफोन घेतला, मी एक.

"माय, जेवली काय?"

"हो न बाप्पा. पन्हं केलतं आज."

"दुखते का कुठं?"

"नाई रे. आता मले काहीच दुखत नाई."

"झोप लागते?"

"लय लागते. तू कायजी नोको करू. मी कुठी जात नाई आता. इथंच आहो."

साहेबांनी हेडफोन काढला. "जुनं पुन्हा लावा," म्हणाले. लावलं. मग नवं. आवाज तोच होता. तोच चिरका सूर, वाक्याच्या शेवटी तोच थकलेला उतार. फक्त खोकला नव्हता. खोलीतला कूलर खडखडत होता. साहेब उठून तो बंद करून आले आणि आम्ही तिसऱ्यांदा ऐकलं. आवाज बंद खोलीत जास्तच जवळ आल्यासारखा वाटला. "इथंच आहो" नंतर दोन सेकंद ती नुसती श्वास घेत होती. आधी मी ते कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं असेल, लक्ष दिलं नव्हतं.

"कोण आहे ही?" साहेब म्हणाले.

मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

"गुरुजी, नियमाने हा नंबर मी आत्ता बंद केला पाहिजे. नंबर मेलेल्या बाईचा, आणि बोलतं कोणी दुसरंच."

"बंद केला तर त्याला कारण सांगावं लागेल साहेब."

"म्हणूनच थांबलो आहे. पुढच्या गुरुवारपर्यंत. त्याने मागे काय केलं होतं, मला माहीत आहे." त्यांनी उतारा माझ्याकडे परत दिला. "तुम्ही वर्ध्याचे. रविवारी जाऊन या. आधी पोलीस पाटलाला भेटा. एकटे घरात जाऊ नका."

हे शेवटचं वाक्य त्यांनी का म्हटलं, ते मी विचारलं नाही.

रविवारी वर्ध्याहून समुद्रपूरची एसटी धरली. पुढे ऑटो. गावात उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दुपारच्या उन्हात गाव बंद होतं. पोलीस पाटील वासुदेवराव मला फाट्यावर घ्यायला आले होते. साठीचा माणूस, अंगात पांढरा शर्ट, डोक्याला दुपट्टा.

"वासुदेवराव, सिंधूबाई खरंच गेली ना?"

"माह्या हातानं लाकडं रचली गुरुजी."

"मग फोनवर कोण बोलतं?"

ते चालता चालता थांबले. "म्हणजे तिथं फोन येते?"

"दर गुरुवारी."

त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "तिची लहान बहीण राह्यते घरात. शांताबाई. तळेगाव श्यामजी पंतची, आष्टी तालुक्यातली. तिले कोणीच नाई. नवरा वारला, लेकरू झालं नाई. सिंधूबाई बिमार पडली तवा सेवेले आली. तेरवी झाल्यावर आम्ही म्हटलं, जाईन आता परत. गेली नाई."

"हवालदाराला तिचं नाव का नाही सांगितलं?"

"त्यानं तिलेच इचारलं न, की तुम्ही कोण. तिनं सांगतलं ते त्याच्या डोक्यात बसलं नाई, त्यानं कोणी नाई असं लिवलं. मलेही काही बोलता आलं नाई." मग खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, एक सांगतो. तिले शांताबाई म्हणून हाक मारजा नोको. ओ देत नाई."

"मग?"

"सिंधू म्हटलं तर देते. सुरुवातीले आम्ही टोकलं. मंग बायकांनी नाद सोडला. आता गल्लीतले लहान पोरं तिले सिंधूआजीच म्हणतात. त्यांच्या काय ध्यानात आहे."

घर गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, वर टिनं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. दार उघडं होतं. आत एकदम अंधार, उन्हातून आल्यावर वाटतो तसा. वासुदेवराव दाराशी खाकरले.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

मी उंबऱ्याशीच थबकलो. तीन वर्षं जो आवाज मी हेडफोनमध्ये ऐकला होता, ज्याच्या मालकिणीचा मृत्यू माझ्या पिशवीत शिक्क्यानिशी होता, तो आवाज चार हातांवरून आला होता.

बाई बाहेर आली. लहानखुरी, काटक. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. तो तिच्या नंबरचा नसावा, कारण ती माझ्याकडे बघताना माझ्या खांद्यामागे कुणीतरी उभं असल्यासारखी बघत होती. मी एकदा मागे वळूनही पाहिलं.

"मी कारागृहातून आलो. गुरुजी."

"तुम्ही होय," ती म्हणाली. "गज्या लय सांगते तुमच्याबद्दल. त्याले सही शिकवली तुम्ही. या न, उन्हात काऊन उभे."

आत गेलो. तिने पाणी दिलं. डोळे सरावले तेव्हा भिंतीवर एक फोटो दिसला. मोगऱ्याचा ताजा हार घातलेला. मला थोडं बरं वाटलं. म्हणजे या घरात मरण मान्य होतं तर. मी म्हटलं, "ही तुमची बहीण का?"

"हो."

"केव्हा गेल्या?"

"पोळ्याच्या आधी." ती फोटोकडे बघत म्हणाली, "शांता. लहान होती माह्यापेक्षा. कोणी नोतं बिचारीले."

वासुदेवरावांनी मान खाली घातली. मी फोटोकडे नीट पाहिलं. मग तिच्याकडे. चष्मा सोडला तर चेहरा तोच होता. ती स्वतःच्या फोटोला हार घालून त्याच्यासमोर बसली होती.

नोकरीत मी बरंच पाहिलं आहे. खून करून शांत झोपणारी माणसं पाहिली आहेत. पण त्या खोलीत मला पाण्याचा पेला खाली ठेवता येईना. मी तो तसाच दोन्ही हातांत धरून बसलो.

ती चहा ठेवायला उठली आणि चुलीच्या धुराने खोकली. चार बारीक आणि एक लांब. वासुदेवराव माझ्या कानाशी म्हणाले, "शांताबाईले आधी खोकला नोता."

थोड्या वेळाने कुणीतरी त्यांना हाक मारली म्हणून ते बाहेर गेले. साहेबांनी एकटं जाऊ नका म्हटलं होतं, आणि मी एकटा होतो. मी सरळच बोललो. मला दुसरं काही सुचलं नाही.

"बाई, मी सगळं जाणतो. तुम्ही सिंधूबाई नाही."

ती चहा गाळत राहिली. मला वाटलं, ऐकलं नाही. मग ती बोलली, आणि आवाज जरासा खाली आला, जड झाला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"सिंधू सनवारी गेली. गुरुवारी फोन वाजला. म्या सांगाले उचलला गुरुजी. देवाशपथ, सांगालेच उचलला. तो म्हणाला, माय. अन माह्या तोंडून निघालं, हो रे."

तिने गाळणी बाजूला ठेवली.

"एकदा हो म्हटल्यावर नाई कसं म्हणता? तिनं मरताना सांगतलंच होतं, तो घरी येईस्तोवर त्याले सांगजो नोको. तो अन्न सोडून देईन. मंग म्या इचार केला. दोघींतली एकच जाणार होती न? सिंधूले पोरगा आहे. शांतेसाठी रडाले कोण आहे? मंग कोण मेलेलं बरं, तुम्हीच सांगा."

"कागदावर सिंधूबाई गेली आहे बाई."

"गावाचा कागद गावापाशी," ती म्हणाली. "गज्याच्या कागदावर माय जित्ती पाहिजे."

तिला वेड लागलं होतं का? मला लोकांनी नंतर खूपदा विचारलं. मी डॉक्टर नाही. तिचा हिशेब मात्र मला पूर्ण कळला, आणि तो कळला याचीच जास्त भीती वाटली.

मी पिशवीतून फॉर्म काढला. "गजाननला सुट्टी मिळू शकते. पहिल्यांदा. पण घरचं माणूस लागतं. आई लिहून देऊ शकत नाही, कारण सरकारच्या लेखी आई नाही. मावशी देऊ शकते. आधार कार्ड शांताबाईचं लागेल, सही शांताबाईची लागेल. पोलीस परत येतील, तेव्हा आपलं नाव शांता, असं तुम्हाला सांगावं लागेल."

तिने चष्मा काढला आणि पदराला पुसला. "शांता तर मेली न गुरुजी."

"मग तो येऊ शकत नाही."

"अन शांता जित्ती झाली, तर त्याची माय मरते."

मी म्हटलं, "हो."

फॉर्म तिथेच ठेवून मी निघालो. वासुदेवराव फाट्यापर्यंत सोडायला आले. ऑटोत बसताना त्यांनी विचारलं, "गजाननले सांगान काय?"

"सांगावं लागेल."

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गुरुवारच्या आधी त्याला कळलं पाहिजे. तुम्ही सांगा. डॉक्टरांना मी बाहेर बसवतो."

बुधवारी मी गजाननला वाचनालयाच्या खोलीत बोलावलं. उतारा त्याच्यासमोर ठेवला. त्याला आता वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं. त्याने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. तारखेवर बोट थांबलं.

"पोळ्याच्या आधी," तो म्हणाला.

"हो."

"मंग म्या कोणाशी बोलत होतो?"

मी सांगितलं. बहीण, फोन, हो रे, सगळं. फोटोचं सांगणार नव्हतो, पण तेही सांगितलं. तो रडला नाही. त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "अंधारात खोलीत कोणी आहे असं वाटते, अन मंग कोणी नसते. तसं झालं गुरुजी. पण उलटं. कोणी नोतं अन होतं."

मग त्याने विचारलं, "उद्या फोन लावू देता काय?"

रात्री त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस बसवला होता. सकाळी तो माणूस म्हणाला, जेवला, पण झोपला नाही.

गुरुवारी तीन वाजता तो फोनसमोर उभा राहिला. साहेब स्वतः आले होते. मी हेडफोन लावला. तीन रिंग झाल्या.

"बोल रे गज्या."

तो बोलेना. मिनिट गेलं. पलीकडून श्वास ऐकू येत होता. अलीकडूनही. दोन्ही श्वास माझ्या कानात, आणि मधे कोणी नाही.

"गज्या? आयकू येते का?"

"मावशी," तो म्हणाला.

श्वास थांबला. फोन तुटला असं मला वाटलं, पण फोनचं मिनिटं मोजणारं घड्याळ चालू होतं. खूप लांबून कुठेतरी कोंबडा आरवला, तो ऐकू आला. गजानन भिंतीला कपाळ लावून उभा होता.

"मावशी, त्या फॉर्मवर सही करजो. मले घरी येऊ दे."

पुन्हा काही नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, फोन चालू आहे अशी मी मान हलवली. शेवटचं अर्धं मिनिट उरल्याची टीं टीं सुरू झाली. तेव्हा पलीकडून आवाज आला. सिंधूबाईचाच, तोच चिरका, अगदी सहज, शेजारणीला सांगावं तसा.

"शांता घरी नाई बाबू. आली म्हणजे सांगीन."

फोन तुटला. साहेब बाहेर गेले. गजाननने रिसीव्हर ठेवला नाही, मला तो त्याच्या हातातून घ्यावा लागला.

नंबर त्याच दिवशी नियमाप्रमाणे बंद केला. पुढचे दोन गुरुवार गजानन तीन वाजता वाचनालयात येऊन बसायचा आणि साडेतीनला उठून जायचा. 

तिसऱ्या आठवड्यात वासुदेवरावांचा फोन आला. "गुरुजी, आज सकाळी बाई माह्या दाराशी आली. आष्टीकडच्या बायका नेसतात तसं लुगडं नेसून. चष्मा नोता. म्हणते, पाटील, माहं नाव शांता, मले कागद करून द्या. म्या घाबरलो बाप्पा. इतक्या दिवसांनी तिचा खरा आवाज आयकला न."

कागद आले. सही वेडीवाकडी, पण शांताबाई हेच नाव. पोलिसांची चौकशी पुन्हा झाली. रजा मंजूर झाली. गजानन गेला, आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेच्या दोन तास आधी, गेटवर हजर झाला. डोक्याचे केस उतरवलेले होते.

दुसऱ्या दिवशी तो मला सांगत होता. "स्टँडवर मावशी उभी होती. बोललीच नाई. पुढं पुढं चालत गेली, म्या मागं. घरी पाणी देलं. मंग समोर बसून म्हणते, गज्या, तुही माय गेली रे. जशी आताच गेली. अन मंग आम्ही दोघं रडलो. लोक बसाले आले गुरुजी, नऊ-दहा महिन्यांनी. कोणी काही इचारलं नाई. तेरवी केली. म्या तिले समुद्रपूरले दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे दमा आहे, बहिणीबहिणींत राह्यते. पंप देला."

"आवाज?"

"मावशीचा. वेगळाच आहे तिचा आवाज. म्या विसरूनच गेलतो."

नंबर पुन्हा तपासून घेतला. रजिस्टरमध्ये नाव शांताबाई, नातं मावशी. गुरुवार पुन्हा सुरू झाला. पण आता बोलणं अडखळत व्हायचं. जेवला काय, हो. पाणी आलं काय, आलं. दहा मिनिटं त्यांना पुरून उरायची. दोन माणसं एकमेकांना नव्याने भेटत होती, आणि त्यांना तिसरीची सवय होती.

असे पाच-सहा गुरुवार गेले. एका गुरुवारी दोन मिनिटं उरली असताना गजानन म्हणाला, "मावशी, मायले देतं काय फोन?"

मी लिहिता लिहिता थांबलो.

पलीकडून लगेच उत्तर आलं नाही. मग, "थांब. पाह्यतो आहे का घरात." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. पावलं आत गेली. दार करकरलं. काही सेकंद नुसती खोली ऐकू येत होती, रिकामी. मग पावलं परत आली. ती जास्त सावकाश होती, एक पाय घासत. तशी शांताबाई चालत नाही, हे मी त्या घरात पाहिलं होतं.

"बोल रे गज्या."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. काय बोलले ते मला माहीत नाही. गजाननचा चेहरा शांत होता. दोघांनाही सगळं ठाऊक होतं. टीं टीं झाली, फोन तुटला, तो रजिस्टरवर सही करून बराकीत गेला.

मी साहेबांना सांगितलं.

"बाई कोण होती?"

"शांताबाई."

"नंबर?"

"तोच."

"वेळ?"

"दहा मिनिटं."

"मग नियमात बसतं," ते म्हणाले आणि पुढची फाईल ओढली. मी निवृत्त होईपर्यंत दर गुरुवारी शेवटची दोन मिनिटं मी हेडफोन लावला नाही.

या नोकरीतून सांगण्यासारखा धडा एकच आहे, आणि तो साधा आहे. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी घरातलं मरण त्याच्यापासून लपवू नये. जवळचं कोणी गेलं तर बंद्याला तातडीची रजा मागता येते, निदान अर्ज तरी करता येतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो आणि घरच्या कोणाचा तरी फोन लागतो. मुलाकातीला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी हे सांगायचो. सगळे मान हलवायचे. त्यांतल्या किती जणांनी घरी जाऊन फोनवर हो रे म्हटलं असेल, ते तपासायचं साधन आमच्याकडे नव्हतं.